दोन एफ्राइन आणि ओढ्यातले बेडूक

८ मार्च २०२५
पोर्तो रिको

प्रिय रत्नाआत्या,

वाकून नमस्कार. हा खराखुरा वाकून आहे, कारण इथे दिवसभर दगडांच्या खालीच बघायचं असतं.

ट्रॉयच्या संडे मराठी शाळेत शिकवणं सोडून तू ईडन प्रेरीला गेलीस तेव्हा मला सांगितलं होतंस की लिहायचं विसरू नको, महिन्याला एक तरी पत्र पाठव. सात वर्षांत मी एकही पाठवलं नाही. आता लिहितेय, कारण या डोंगरातल्या घरात फोनला रेंज नाही. शनिवारी गावात जाते तेव्हा आई-बाबांशी पाच मिनिटं बोलते. आणि दुसरं कारण म्हणजे मला एक गोष्ट कुणाला तरी सांगायचीच आहे.

मी तीन महिन्यांची रजा घेतलेली नाही. मी जॉब सोडलाय. आई-बाबांना रजा म्हणून सांगितलं. बाबांनी एकतीस वर्षं एकाच ऑटो कंपनीत काढली आणि मला तिथे सॉफ्टवेअरमध्ये लागलेलं बघून ते इतके खूश होते की माझी हिंमतच झाली नाही. प्लीज तू इतक्यात सांगू नकोस.

आता बेडूक. त्याला इथे ग्वाहोन म्हणतात. तो सगळ्या जगात फक्त या बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात राहतो. इथे ओढ्यांमध्ये घराएवढे मोठे खडक एकमेकांवर पडलेत, आणि त्यांच्या खाली गुहा तयार झाल्यात. त्या ओल्या अंधारात तो असतो. तळहातावर मावतो, रंग तपकिरी, डोळे एवढे मोठे आणि भोवती पांढरी रिंग. त्याला बघितलं की वाटतं, आपणच त्याला काहीतरी धक्कादायक बोललो. बाकीचे बेडूक संध्याकाळ झाल्यावर ओरडतात, हा दुपारी तीन वाजल्यापासून शिट्टी घालतो.

तो धोक्यात आहे आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे. आमच्या खालच्या ओढ्यातून एका कंपनीला हॉलिडे केबिन्ससाठी रस्ता न्यायचाय. म्हणजे ओढा सिमेंटच्या पाइपमध्ये जाणार. त्यांच्या सर्व्हेवाल्यांनी रिपोर्ट दिला की खालच्या ओढ्यात ग्वाहोन नाहीतच. आमच्या बेडूक मोजणाऱ्या टीमची हेड मारिसोल म्हणते, आहेत. पाच मेला वन्यजीव खात्याचे लोक येणार आहेत. तोपर्यंत आम्हाला ते मोजून दाखवायचेत.

मी मजेत आहे. काळजी करू नकोस. दोन एफ्राइन रोज सकाळी येतात, माझ्यासाठी केळी आणतात. खूप गोड आहेत. गिटार पण छान वाजवतात. मला म्हणतात, तू परत जाऊच नकोस, इथेच घर बांध.

तुझी,
केया


१८ मार्च २०२५
ईडन प्रेरी

चि. केयास,

तुझं पत्र आलं आणि मी ते उभ्या उभ्या वाचलं, बूटसुद्धा काढले नाहीत. बाहेर अजून गुडघाभर बर्फ आहे. त्यात तुझ्या केळ्यांचं वाचून बरं वाटलं.

मराठी चांगलं टिकवलंयस. तू ‘शिट्टी घालतो’ लिहिलंस. शिट्टी वाजवतात, किंवा शीळ घालतात. बेडकाला मी शीळ देईन, शिट्टी पोलिसाला राहू दे.

नोकरीचं रवीला सांगणार नाही. तो माझा धाकटा भाऊ असला तरी तू माझी विद्यार्थिनी आहेस. पण तू स्वतः सांग, आणि लवकर सांग. रवी रागावत नाही, गप्प बसतो. ते जास्त वाईट असतं, हे मला सात वर्षांच्या रवीपासून माहीत आहे.

आता मुद्द्याचं. हे दोन एफ्राइन कोण? भाऊ आहेत का? एकाच नावाचे दोघं कसे? मला जुन्या विचारांची समजू नकोस. ईशानने लग्न ठरवलं तेव्हा त्याची आई असून मी एकही प्रश्न विचारला नव्हता. पण दोघंही रोज केळी घेऊन येतात, दोघंही गिटार वाजवतात, दोघंही घर बांध म्हणतात, हे मला जरा गुंतागुंतीचं वाटतं. तुझा कल त्यातल्या कोणाकडे आहे, तेवढं कळव.

बेडकाच्या पिल्लांना शेपटी असते ना? मग ती गुहेत पोहतात कुठे?

तुझी,
रत्नाआत्या


२० मार्च २०२५
पोर्तो रिको

प्रिय आत्या,

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण मला लिहावंसं वाटलं. दिवस चांगला गेला नाही.

आम्ही सोळा दुपारी खालच्या ओढ्याच्या काठावर बसलो. मी, मारिसोल आणि रेकॉर्डरचे दोन माइक. ऐकू काय येतं? पाणी. ओढा खडकांवरून इतक्या जोरात पडतो की शेजारी बसलेल्याला ओरडून सांगावं लागतं. सोळा दुपारींमध्ये दोन शिळा, त्यातली एक कदाचित पक्ष्याची. वरच्या ओढ्यात ते भरपूर आहेत, पण रस्ता वरून जात नाही ना.

गुहेत शिरलो तर काम होईल. पण जमीन आमची नाही. सगळं दोन एफ्राइन यांच्या हातात आहे. ते काय ठरवतात त्यावर माझं सगळं अवलंबून आहे, आणि ते अजून हो म्हणत नाहीत. बाकी सगळ्याला हो. काल घरी जेवायला बोलावलं, स्वतः भात आणि राजमा केला होता, माझ्यासाठी वेगळं व्हेज. मग मी परत विचारलं, तर खाली बघत बसले. म्हणाले, तुझं वाईट होऊ नये म्हणूनच नाही म्हणतो. मी घरी येऊन रडले. थोडंसंच.

बाबांना फोनवर म्हटलं, ऑल गुड.

केया


३ एप्रिल २०२५
ईडन प्रेरी

केया,

हे पत्र पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असेल, म्हणून आधीच कबूल करते. मी रवीला फोन केला.

तुझं दुसरं पत्र वाचलं आणि मला राहवलं नाही. घरी जेवायला बोलावतात, स्वतः रांधून वाढतात, आणि तू विचारलंस की माना खाली घालतात. तुला रडवतात. माझं सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे, असं तू लिहितेस. तुझ्या वयाच्या मुलीने असं लिहिलं की आत्याने काय समजायचं?

मी रवीला म्हटलं, पोरगी अडचणीत आहे, एक नाही, दोन मुलं आहेत, आणि दोघांपैकी एकही लग्नाला तयार नाही. बोलता बोलता नोकरीचंही निघालं. माझ्या तोंडून निघालं, त्याने काढून घेतलं नाही. हा माझा गुन्हा.

तो रागावला नाही. मग त्याने विचारलं, तिथला एअरपोर्ट कोणता. मी म्हटलं, आधी फोन तरी कर. तर म्हणाला, फोन केला तर ती ऑल गुड म्हणेल.

आज सकाळी तुझ्या आईचा, राधिकाचा फोन आला. त्याने उद्याचं तिकीट काढलंय. ती स्वतः जायला तयार नाही. माझ्याशी तरी ती धड बोलली, तुझं नाव निघालं की मात्र विषय बदलते.

मला माफ कर. तो आला की आधी चहा दे.

रत्नाआत्या


१३ एप्रिल २०२५
पोर्तो रिको

प्रिय आत्या,

तुझी दोन्ही पत्रं आणि बाबा एकाच आठवड्यात पोचले. बाबा आधी.

पाच तारखेला, शनिवारी सकाळी मी बाहेर बूट धूत होते. एक भाड्याची कार चिखलातून वर आली आणि त्यातून ऑफिसचे काळे लेदर शूज घातलेले बाबा उतरले. हातात बॅग, बॅगेत आईने दिलेली थालीपिठाची भाजणी. मला बघून म्हणाले, “ते दोघं कुठे आहेत?” मी म्हटलं, कोण दोघं. म्हणाले, “एफ्राइन.”

आत्या, इथे वयाने मोठ्या माणसाच्या नावाआधी मानाने ‘दोन’ लावतात. आपल्याकडे कसं राव किंवा काका, तसं. मी ते जसं ऐकलं तसं लिहिलं. आणि मोठे म्हणून ‘येतात’, ‘आणतात’ लिहिलं, तूच शिकवलंस तसं. एफ्राइन एकच आहेत. शहात्तर वर्षांचे आहेत, बायको चार वर्षांपूर्वी गेली, ओढ्याकाठची जमीन त्यांची आहे आणि मला ते पोतीसारखं वागवतात. म्हणजे नातीसारखं.

मी बाबांना हे सांगत असतानाच ते केळी घेऊन आले. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले, मग एकदम हसायला लागले आणि हसता हसता चिखलात बसले. दोन एफ्राइन यांना काही कळलं नाही, पण तेही हसले आणि त्यांनी बाबांना केळं सोलून दिलं.

मग ते गेले आणि हसणं संपलं. मी चहा केला. बाबा म्हणाले, “नोकरी सोडलीस याचं मला काही नाही. तुला ते मला सांगावंसं वाटलं नाही, त्याचं वाटतं.”

मी म्हटलं, “सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

“नको म्हणालो असतो.”

“मग?”

“मग तू सोडलीच असतीस. पण मला माहीत असतं.”

 मी सॉरी म्हटलं. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं की दुपारी कुठे बसता.

ओढ्यावर ते अर्धा तास नुसते उभे होते, डोळे मिटून. तुला माहीत आहे ना ते कंपनीत काय करतात? गाडी चालताना डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी टिकटिक होते, ती नेमकी कुठून येते ते शोधायचं. लहानपणी मला वाटायचं, हे काय काम आहे. तर ते डोळे उघडून मारिसोलला म्हणाले की तुमचे माइक पाण्याला ऐकतायत. दगडांच्या मागे कुणी असेल तर त्याचा आवाज फटीतून येणार, तिथे कान लावा. मी सांगितलं की आत जायची परवानगी नाही. ते म्हणाले, कान आत गेला तर चालेल का विचार.

मग त्यांनी दोन एफ्राइन यांच्या गोठ्यातली रबरी नळी मागितली, चार हात लांब. म्हणाले, मशिनं येण्याआधी आम्ही इंजिनमधला आवाज असाच शोधायचो. एक टोक कानाला, एक टोक फटीत. दोन एफ्राइन यांनी खूप विचार करून सांगितलं की नळी जाऊ दे, माणूस नको.

पहिल्या फटीत काही नाही. दुसऱ्या फटीत नाही. तिसऱ्या फटीशी बाबांनी बोट वर केलं. त्यांनी मला नळी दिली आणि मला ऐकू आलं. हळू, जाड, एकाच सुरातली शीळ, सात-आठ वेळा. आणि मग तिच्यामागे दुसरी, थोडी वरच्या पट्टीत. त्या एका दुपारी आम्ही नऊ मोजले.

दोन एफ्राइन लांब उभे होते. बाबा उठून त्यांच्याकडे गेले, भाषा येत नसताना, आणि नळी पुढे केली. ते नको म्हणाले. बाबा हात पुढे करून तसेच उभे राहिले. शेवटी ते आले, टोपी काढली आणि नळी कानाला लावली.

खूप वेळ ऐकत होते. मग मला म्हणाले, “माझी आई सांगायची, इथे सैतान गातो. मी सहा वर्षांचा असल्यापासून या खडकांजवळ आलो नाही. शाळेला जायला डोंगरावरून अर्धा तास जास्त चालायचो.” मी फोनमध्ये ग्वाहोनचा फोटो दाखवला आणि सांगितलं की हा तळहातावर मावतो. त्यांनी तळहात बघितला, परत फोटो बघितला. म्हणाले, “एवढासा?”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः टॉर्च घेऊन आले आणि आमच्या सगळ्यांच्या आधी आत शिरले.

बाबा दोन दिवसांसाठी आले होते. त्यांनी रजा वाढवली. खरी रजा. आता त्यांचे काळे शूज दारात सुकतायत आणि ते दोन एफ्राइन यांचे जुने गमबूट घालून फिरतात.

केया

आणि शेपटीचं राहिलं. ग्वाहोनच्या पिल्लांना शेपटी नसतेच. अंड्यातून थेट छोटा बेडूक निघतो. आई अंडी घालून जाते, वडील त्यांच्यावर बसून राहतात, ती फुटेपर्यंत. बाबांना आत तशी एक जागा सापडलीय. ते रोज जाऊन बघून येतात.


२३ एप्रिल २०२५
ईडन प्रेरी

चि. केया,

मी इतकी हसले की ईशान वरून धावत आला. त्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, आई, मानार्थी बहुवचन तूच सगळ्यांच्या डोक्यात बसवलंस, आता भोग.

भोगतेच आहे. रवीला फोन करण्याआधी मी शिकागोच्या माझ्या मैत्रिणीशी, नंदाशी सल्लामसलत केली होती. नंदाने ती गोष्ट कुणाला सांगायची नाही या अटीवर चौघींना सांगितली, आणि गेल्या आठवड्यात डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या दुकानात कुणीतरी तिलाच विचारलं, की त्या दोन जुळ्या भावांशी लग्न करणारी मिशिगनची मुलगी तुमच्या ओळखीची ना. आता मी एकेकीला फोन करून एफ्राइन एक करते आहे.

रवी तिथे रमला, याचं मला नवल वाटलं नाही. लहानपणी घरातला पंखा कुरकुरला तर तो जेवण सोडून स्टुलावर चढायचा. पण त्याने ते तुला करून दाखवलं, याचं वाटलं. राधिकाला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने मला मधेच थांबवलं नाही. थालीपिठं झाली का, एवढं विचारलं.

पाच मेला काय होतं ते लगेच कळव. इथे बर्फ वितळलं.

तुझी,
आत्या

‘पोती’ हिंदी. आपल्यात पोती धान्याची.


१८ मे २०२५
पोर्तो रिको

प्रिय आत्या,

झालं! ओढा वाचला.

पाच मेला खात्याचे दोघं जण आले. म्हणजे खरोखर दोन. खालच्या ओढ्यात आमची मोजणी एकसष्ट झाली होती. त्यातला मोठा अधिकारी फार बोलत नव्हता, कागद बघत होता. कंपनीच्या सर्व्हेत शून्य आणि तुमच्यात एकसष्ट, हे कसं, असं त्याने विचारलं. मी स्पॅनिशमध्ये समजावत होते आणि मला वाटत होतं की जमत नाहीये. तेवढ्यात दोन एफ्राइन यांनी नळी आणून त्याच्या हातात ठेवली. तो इस्त्रीच्या पॅंटसकट गुडघ्यांवर बसला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ग्वाहोननी लाज राखली.

परवा पत्र आलं. रस्ता आता डोंगराच्या धारेवरून जाणार, ओढ्याला हात लावायचा नाही. मारिसोलने मला पुढच्या दोन वर्षांसाठी ठेवून घेतलंय. हे मी आई-बाबांना त्याच दिवशी गावात जाऊन फोन करून सांगितलं. आईने सगळं ऐकलं. म्हणाली, पाऊस फार असतो का तिथे. पाच मिनिटं माझ्या कपड्यांबद्दल बोललो. दीड महिन्यानंतर पहिल्यांदा.

बाबा सहा मेला परत गेले. निघताना दोन एफ्राइन आणि ते एकमेकांना मिठी मारून उभे होते. महिनाभर एकाला दुसऱ्याची भाषा आली नाही, पण दोघांनी मिळून जीप दुरुस्त केली. बाबा मला मात्र फार काही बोलले नाहीत. सवयीप्रमाणे. म्हणाले, पत्र लिहीन. मला नाही वाटत लिहितील. त्यांनी शेवटचं मराठी कधी लिहिलं असेल?

केया


२८ मे २०२५
ट्रॉय

प्रिय केया,

तीस वर्षांनी मराठीत लिहितो आहे. पहिले दोन कागद फाडले.

तुला एक सांगायचं राहिलं. पाच तारखेला तुम्ही वर अधिकाऱ्यांबरोबर होतात तेव्हा मी गुहेत होतो. त्या नराकडे बघायला गेलो होतो. आठ एप्रिलपासून तो अंड्यांवर बसला होता. मी रोज गेलो, रोज तो तिथेच. काही खाल्लं की नाही, माहीत नाही. टॉर्चचा उजेड पडला तरी हलायचा नाही, फक्त डोळे माझ्याकडे वळवायचा.

त्या दुपारी अंडी फुटली. एकेक पिल्लू तुरीच्या दाण्याएवढं, पण हातपाय सगळं जागच्या जागी. मला वाटलं, जरा वेळ त्याच्याजवळ बसतील. नाही. हळूहळू एकेक करून फटींमध्ये गेली. शेवटचं एक बापाच्या पाठीवरून चढून पलीकडे उतरलं. तो रिकाम्या जागेवर बसून राहिला. मीही बसलो. मग तो उठून पुढच्या दगडावर गेला आणि त्याने शीळ घातली.

तुला हाक मारायला बाहेर आलो. तू त्या अधिकाऱ्याला समजावत होतीस. मला एक शब्द कळत नव्हता. पण एवढं कळलं की या कामातलं तुला जे माहीत आहे ते तिथे दुसऱ्या कुणाला माहीत नाही, आणि तू घाबरली होतीस तरी थांबत नव्हतीस. म्हणून हाक मारली नाही. तिथेच उभा राहून ऐकलं. हे मला तुला तिथेच सांगायचं होतं, पण मग तो नळी घेऊन बसला आणि नंतर गडबड झाली. विमानतळावर तर मला काहीच सुचलं नाही.

ऑफिसात सगळे विचारतात, महिनाभर कुठे होतास. मी सांगतो, मुलीकडे कामाला होतो.

आई रोज संध्याकाळी मला गुहेबद्दल विचारते आणि मी सांगायला लागलो की म्हणते, पुरे. दुसऱ्या दिवशी परत विचारते. काल तिने माझे फोटो सगळे पाहिले. दोन एफ्राइन यांच्यासाठी तिने चकल्या केल्या आहेत, पार्सल निघालं आहे. तुझ्यासाठीही वेगळा डबा आहे, तो त्यांचा समजू नकोस.

पुढच्या मोजणीच्या तारखा कळव. आम्ही दोघं येतो. तिथे माझ्यासाठी गमबूट आहेत, आईसाठी लागतील. तिचा नंबर सहा.

बाबा